कानांचे कौतुक, चालीचा विसर

आजच्या शहरी माणसाला घोडा दोनच ठिकाणी भेटतो : चौकातील पुतळ्यात आणि लग्नाच्या वरातीत. पुतळ्याला वर्षातून एकदा हार पडतो. वरातीतल्या घोडीच्या कानाशी रात्रभर फटाके फुटतात. दोन्हीकडे घोडा आहे तो केवळ शोभेपुरता. ज्या समाजाच्या इतिहासाची कितीतरी पाने घोड्याच्या पाठीवर बसून लिहिली गेली, त्या समाजाला आपल्या घोड्याविषयी साधे दोन प्रश्न विचारून पाहावेत. त्याची जात कोणती? आणि त्याची चाल कोणती? पहिल्या प्रश्नाला बहुधा 'चेतक' असे उत्तर मिळेल, जे जातीचे नाव नव्हे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तरच मिळणार नाही.

त्या दुसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर 'रेवाल' असे आहे. राजस्थानच्या मरुभूमीत घडलेल्या मारवाडी घोड्याची आणि त्याचा सौराष्ट्रातील भाऊबंद असलेल्या काठियावाडी घोड्याची ही विशेष चाल. जगात ज्या मोजक्या अश्वजातींना अशी उपजत सुखचाल लाभली आहे, त्यांचे त्या त्या देशात केवढे कौतुक होते! आइसलंडने आपल्या घोड्याच्या 'टोल्ट' चालीसाठी स्पर्धा भरवल्या, वंशनोंदी ठेवल्या आणि अन्य देशांतील घोडे बेटावर आणण्यास बंदी करून आपली जात राखली. पेरू देशाने आपल्या 'पासो' घोड्याला राष्ट्रीय वारशाचा मान दिला. आणि हिंदुस्थानने? हिंदुस्थानने आपल्या घोड्याच्या कानांची छायाचित्रे दिनदर्शिकेवर छापली आणि चालीला विसरून गेला.

रेवाल म्हणजे काय?

हा विसर किती महागाचा आहे, हे कळण्यासाठी आधी चाल समजून घ्यावी लागेल. टांग्याला जुंपलेला घोडा दुडक्या चालीने धावतो. या चालीत एका बाजूचा पुढचा पाय आणि दुसऱ्या बाजूचा मागचा पाय एकाच वेळी उचलला जातो, एकाच वेळी टेकतो. मध्ये क्षणभर चारही पाय हवेत असतात. त्यामुळे स्वार प्रत्येक पावलागणिक खोगिरावर आदळतो. युरोपीय पद्धतीच्या घोडेस्वारीत तालावर उठण्या-बसण्याचे जे शिक्षण दिले जाते, ते याच आदळण्यावरचा उपाय आहे.

रेवाल चालीची रचनाच निराळी. तीत एकाच बाजूचा मागचा व पुढचा पाय जवळजवळ जोडीने पडतो, परंतु अगदी बरोबर नव्हे. मागचा किंचित आधी, पुढचा किंचित नंतर. म्हणून टापांचे दोन ठोके न पडता चार सुटे ठोके ऐकू येतात. एक ना एक पाऊल जमिनीला टेकलेले राहते, घोड्याची पाठ उसळत नाही आणि स्वार खुर्चीत बसावा तसा बसतो. स्वाराच्या हातातील काठोकाठ भरलेला पेला हिंदकळता कामा नये, ही रेवालची जुनी कसोटी अश्वपालांच्या तोंडी आजही आहे. ही करमणुकीची गोष्ट नव्हे. ज्या प्रदेशात दोन विहिरींमध्ये दिवसभराची वाट होती, तेथे निरोप्या, व्यापारी किंवा शिपाई दिवस मावळेपर्यंत खोगिरावर टिकणे ही जीवनमरणाची बाब होती. रेवाल ही त्या गरजेतून निवडली गेलेली चाल आहे.

आधुनिक विज्ञानाने या निवडीला दुजोरा दिला आहे. 2012 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने घोड्यातील 'डीएमआरटी3' या जनुकातील एका अक्षराएवढ्या बदलाचा संबंध अशा चालींशी जोडला. पाठीच्या कण्यातील ज्या चेतापेशी पायांचा ताल सांभाळतात, त्यांच्या कामावर हा बदल परिणाम करतो. 2014 मध्ये जगभरातील 141 जातींच्या चार हजारांहून अधिक घोड्यांची तपासणी झाली, तेव्हा हा बदल युरोप, आशिया व अमेरिका या खंडांतील कितीतरी जातींत पसरलेला आढळला. तात्पर्य, अशी चाल हा एखाद्या चाबुकस्वाराने घोड्याला शिकवलेला खेळ नसून ती रक्तातून येते. आणि जी गोष्ट रक्तातून येते, ती रक्त जपले नाही तर निघूनही जाते.

मरुभूमीने घडवलेला देह

मारवाडी घोड्याची ओळख म्हणून त्याचे कान दाखवले जातात. आतल्या बाजूस वळलेली त्यांची टोके कित्येकदा एकमेकांना भिडतात आणि माथ्यावर तोरण बांधल्याचा भास होतो. हे रूप देखणे आहे यात शंका नाही. परंतु देखणेपणाने कोणी मरुभूमी पार केलेली नाही. या घोड्याचे खरे गुण कानांच्या खाली आहेत. त्याची कातडी पातळ, केस बारीक; उन्हात अंग लवकर निवते. पाय लांब, शिडशिडीत आणि खूर कठीण. खांद्याची ठेवण तुलनेने उभी, त्यामुळे वाळूत रुतलेला पाय सरळ वर उचलला जातो. बेताच्या वैरणीवर व थोड्या पाण्यावर तो दिवस काढतो. मारवाडच्या राठोडांनी आणि त्यांच्याबरोबर मालाणीच्या गावोगावच्या अनाम अश्वपालांनी पिढ्यान्‌पिढ्या जे नर-मादी जुळवले, त्यातून हा देह तयार झाला. लुणी नदीच्या कोरड्या पात्रात तिलवाडा येथे भरणारी मल्लिनाथाची जत्रा ही या निवडीची सर्वांत जुनी शाळा म्हणावी लागेल. तेथे घोडा उभा करून पाहत नसत, चालवून पाहत.

उगमाचा वाद आणि दोन टोकांचा अडाणीपणा

एखादी भारतीय वस्तू चांगली आहे असे म्हटले, की लगेच ती मूळची कोणाची, हा प्रश्न पुढे येतो. मारवाडी घोड्याबाबतही तेच झाले. कच्छच्या किनाऱ्यावर म्हणे एक अरबी जहाज फुटले, त्यातील सात अरबी घोडे पोहत किनाऱ्याला लागले आणि त्यांच्यापासून ही जात निघाली! ही दंतकथा इंग्रजी पुस्तकांतून आणि पर्यटकांसाठीच्या माहितीपत्रकांतून इतक्या वेळा छापली गेली, की तिला इतिहासाचा दर्जा मिळाला. हजारो वर्षे अश्वपालन करणाऱ्या भूभागाला स्वतःचा घोडा मिळाला तो एका अपघाताने, असा तिचा ध्वन्यर्थ आहे. सात घोड्यांच्या बळावर एखादी जात एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात टिकून राहील काय, एवढाही विचार ही कथा सांगणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

याचे उत्तर म्हणून आपल्याकडील काही उत्साही मंडळी दुसरे टोक गाठतात. मारवाडी घोडा वेदकाळापासून जसाच्या तसा, रक्ताचा एक थेंबही न मिसळता चालत आला आहे, असे ते ठासून सांगतात. हेही टिकणारे नाही. 2014 मध्ये एका मारवाडी घोड्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यावरून संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा, की या जातीत अरबी आणि मंगोल अशा दोन्ही वंशधारांचा संगम आहे. हा निष्कर्ष वाचून ज्यांना अपमान वाटला, त्यांनी आपलेच ग्रंथ वाचलेले नाहीत असे म्हणावे लागते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात उत्तम घोडे कोणते, हे सांगताना कांबोज, सैंधव, आरट्ट आणि वनायु या प्रदेशांची नावे येतात. बाल्हीक व सौवीर यांचे घोडे मध्यम ठरवले आहेत. यांतील काही प्रदेश सिंधूच्या पलीकडचे, वायव्येच्या डोंगरांपल्याडचे आहेत. कौटिल्याला त्याचा संकोच वाटला नाही. चांगला घोडा जेथे मिळेल तेथून आणावा आणि आपल्या पागेत त्याला आपला करावा, ही त्या राज्यकर्त्याची दृष्टी होती. त्याच प्रकरणात स्वारीच्या घोड्याच्या चालींचे पद्धतशीर वर्गीकरण आहे. अमरकोशात घोड्याच्या पाच गतींना 'धारा' म्हटले असून आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित आणि प्लुत अशी त्यांची नावे दिली आहेत. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्ववैद्यकाची परंपरा तर सर्वश्रुत आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लास' रचला, त्यातही अश्वक्रीडेला स्थान मिळाले. नकुलाच्या नावावरचे अश्वशास्त्र तंजावरच्या सरस्वती महालाने 1952 मध्ये प्रसिद्ध केले; भोसले राजांनी वाढवलेल्या त्या ग्रंथसंग्रहाचे महाराष्ट्रावर हे आणखी एक ऋण आहे.

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. कोणत्याही उत्तम अश्वजातीचे मूळ शोधत गेले, तर ते अनेक देशांतून फिरून येते. इंग्रजांच्या ज्या 'थरोब्रेड' घोड्याला जगभर शर्यतीचा राजा मानतात, त्याचे पितृवंश तीन आयात घोड्यांपाशी जाऊन थांबतात आणि त्या तिघांची नावेच मुळी बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन अशी आहेत. म्हणून थरोब्रेड इंग्रजी नाही, असे कोणी इंग्रज म्हणत नाही. जात ज्याने निवडली, पोसली आणि घडवली, त्याची ती. इंग्रजाला जो न्याय लागू, तो मारवाडच्या अश्वपालाला लागू का नसावा? रक्त कोठून आले यापेक्षा ते कोणत्या मातीत, कोणाच्या हातून, कोणत्या कामासाठी घडले, हा खरा प्रश्न आहे. त्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय मारवाड हेच आहे.

साहेबाच्या नजरेतून

मग असा घोडा लयास कसा जाऊ लागला? त्याचे पहिले कारण पारतंत्र्य. ईस्ट इंडिया कंपनीला फौजेसाठी घोडे हवे होते. बिहारमधील पुसा येथे तिने अश्वपैदास केंद्र चालवले आणि 1808 मध्ये त्याची सूत्रे विल्यम मूरक्रॉफ्ट या पशुवैद्याकडे आली. चांगल्या घोड्यांच्या शोधात हा गृहस्थ लडाख, काश्मीर, काबूल करीत थेट बुखाऱ्यापर्यंत गेला आणि परतीच्या वाटेवर 1825 मध्ये मरण पावला. पुढे कंपनी गेली, राणीचे राज्य आले. तेव्हा लष्करासाठी ऑस्ट्रेलियातून जहाजे भरभरून घोडे येऊ लागले. न्यू साउथ वेल्समधून येत म्हणून त्यांचे नावच 'वेलर' पडले. समुद्रापलीकडून घोडा आणण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे येथल्याच रयतेच्या घामातून निघत असे. सरकारी मागणीच्या या ओघाने देशी अश्वपालाचे गिऱ्हाईक हिरावून घेतले.

दुसरे नुकसान अधिक खोल होते. साहेबाला वळलेले कान म्हणजे 'नेटिव्ह' घोड्याची खूण वाटे आणि त्यांची थट्टा होई. साहेबांच्या क्लबात ज्या घोड्याला मान नाही, तो आपल्या पागेत कशाला, असे संस्थानिकांनाही वाटू लागले. पोलो आणि शर्यतीसाठी परदेशी घोडे आले, देशी घोडा मागच्या तबेल्यात गेला. गुलामी आधी डोळ्यांत शिरते, मग पागेत.

याला सन्माननीय अपवाद होता, तो नोंदवलाच पाहिजे. जोधपूरचे महाराजा उमेदसिंह यांनी 1930 च्या दशकात या जातीच्या जतनाला हात घातला, निवडक घोडे मिळवले आणि पैदास सुरू केली. त्यांचे नातू महाराजा गजसिंह यांनी ते व्रत पुढे चालवले. त्या प्रयत्नाविना आजचा मारवाडी घोडा पाहायला मिळाला असता की नाही, याची शंका वाटते.

स्वराज्य आल्यावर तरी देशी घोड्याचे दिवस पालटायला हवे होते. झाले उलटेच. 1952 च्या कायद्याने राजस्थानातील जहागिऱ्या संपुष्टात आल्या. जमीन कसणाऱ्याला मिळावी, हे तत्त्व न्याय्यच होते. त्याविषयी येथे तक्रार नाही. परंतु जहागीरदाराच्या जमिनीबरोबर त्याची पागाही मोडते आणि त्या पागेत शतकांची निवड साठलेली आहे, हे दिल्ली-जयपूरच्या एकाही कारभाऱ्याच्या ध्यानी आले नाही. घोडा हे सरंजामशाहीचे चिन्ह ठरले. उत्तम घोडे ओझ्याच्या कामाला लागले, कित्येक खच्ची केले गेले, कित्येक गोळी घालून मारले गेले. सरंजामशाहीचा सूड मुक्या जनावरावर उगवला गेला आणि त्याला पुरोगामित्व म्हटले गेले! गाय, म्हैस, शेळी यांच्यासाठी योजना निघाल्या. घोडा मात्र ना दूध देणारा, ना मत देणारा.

कौतुक पुन्हा परदेशातून

विसाव्या शतकाच्या अखेरीस चक्र फिरले, पण तेही कसे? फ्रान्सेस्का केली या इंग्रज बाई राजस्थानात आल्या, मारवाडी घोड्यावर लुब्ध झाल्या आणि त्यांनी दुंडलोदच्या रघुवेंद्रसिंह यांच्या साथीने 1999 मध्ये देशी घोड्यांसाठी संस्था उभारली. 2000 साली त्यांनी पहिले मारवाडी घोडे अमेरिकेत नेले. परदेशी नियतकालिकांत छायाचित्रे झळकली आणि मग मुंबई-दिल्लीच्या श्रीमंतांना आपल्या देशात असाही घोडा आहे, याचा साक्षात्कार झाला. केली यांचे श्रम प्रामाणिक होते आणि त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. प्रश्न त्यांच्याविषयी नाही. योग असो, आयुर्वेद असो की घोडा असो. परक्याने बोट दाखवल्याशिवाय आपल्याला आपले दिसत नाही, या रोगाविषयी प्रश्न आहे.

निर्यातीचे धोरणही असेच धरसोडीचे राहिले. अनेक दशके देशी घोडे बाहेर नेण्यास मनाई होती. 2000 ते 2006 या काळात थोडेसे घोडे बाहेर गेले. संख्या घटते आहे अशी ओरड होताच 2006 मध्ये ती वाट पुन्हा बंद झाली. 2008 पासून प्रदर्शनासाठी तात्पुरते परवाने देण्याची सोय झाली. निर्यातीला विरोध करणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण दाराला कुलूप लावले म्हणून घरातला दिवा तेवत राहत नाही. त्यात तेल घालावे लागते. देशात राहिलेल्या घोड्यांचे काय झाले, हे आकडेच सांगतात. 2012 च्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टे सुमारे सव्वासहा लाख होती. 2019 च्या गणनेत ती सुमारे 3 लाख 40 हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी घट! हे सर्व घोडे मारवाडी नव्हते, हे खरे. परंतु ज्या देशात घोडा ठेवणारा माणूसच कमी होत चालला आहे, तेथे एखादी उत्तम जात तेवढी अधांतरी टिकेल, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

सारंगखेड्याच्या बाजारात

महाराष्ट्राने याकडे राजस्थानचे दुखणे म्हणून पाहू नये. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश येथील व्यापारी तेथे मारवाडी, काठियावाडी घोडे आणतात. अलीकडच्या काळात तेथे चेतक महोत्सवही होऊ लागला. यात्रेच्या दिवसांत वृत्तपत्रे आणि वाहिन्या एकाच गोष्टीने भरून जातात : अमुक घोड्याची किंमत किती लाख, किती कोट! कोणीतरी एक अचाट आकडा बोलतो, दुसरा त्यावर चढवतो, छायाचित्र निघते. तो घोडा खरोखर त्या किमतीला विकला गेला काय, हे दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही.

या गोंगाटात पैसा कशाला मिळतो, ते पाहण्यासारखे आहे. उंचीला मिळतो. नुकऱ्या रंगाला मिळतो, पंचकल्याण असण्याला मिळतो, कानांच्या जुळणीला मिळतो, अंगावरच्या भोवऱ्यांच्या शुभाशुभाला मिळतो आणि ढोलाच्या तालावर नाचण्याला मिळतो. रेवाल चालीच्या स्पर्धाही होतात आणि त्या भरवणाऱ्या जाणत्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु किंमत ठरताना पारडे जड होते ते रूपाकडे. बाजाराचा नियम निष्ठुर आहे. ज्याला दाम, त्याची पैदास. दहा इंच उंच पण चालीने भाड घोडा जर अधिक किमतीला जाणार असेल, तर अश्वपालाने रेवालच्या घोडीसाठी चांगला वळू का शोधावा? दोन-चार पिढ्या अशी निवड होत राहिली, तर कान तसेच राहतील, मान तशीच डौलदार राहील आणि त्या देहातून चाल निघून गेलेली असेल. घोडा मारवाडी दिसेल. मारवाडी असणार नाही.

येथे आणखी एका कटू गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. काही ठिकाणी चाल झटपट दिसावी म्हणून घोड्याचे पाय दोरीने जखडतात, तोंडात काटेरी लगाम घालतात. जिभेतून रक्त येईपर्यंत लगाम खेचला की मान ताठ होते आणि अडाणी प्रेक्षक वाहवा करतो. याचा आधार घेऊन काही प्राणिमित्र ही चालच मुळी छळातून निर्माण होते, असा प्रचार करतात. तो प्रचार खोटा आहे. चाल उपजत असते, हे विज्ञानानेच दाखवले आहे. पण म्हणून काटेरी लगाम क्षम्य ठरत नाही. 1965 च्या केंद्रीय नियमांनी अशा काटेरी लगामावर बंदी घातलेली आहे. ती बंदी पाळायला पाश्चात्त्य संघटनांची नोटीस यावी लागावी, ही लाजेची गोष्ट आहे. अश्ववैद्यकावर ग्रंथ रचणाऱ्या देशात घोड्याच्या तोंडात काटे घालणारा मनुष्य परंपरेचा पाईक नसून परंपरेचा मारेकरी आहे. ज्याच्या रक्तात चाल आहे, त्याला काटा लागत नाही. आणि ज्याला काटा लागतो, त्याच्या रक्तात चाल नाही. परीक्षकांनी एवढा एक निकष लावला, तरी निम्मी फसवणूक थांबेल.

भीमथडीचा इशारा

दुर्लक्षाचा शेवट काय होतो, हे मराठी माणसाला शिकवण्यासाठी मारवाडात जाण्याची गरज नाही. भीमा आणि नीरेच्या खोऱ्यांतील भीमथडीची तट्टे ही मराठ्यांच्या घोडदळाची शान होती. उंचीने बेताची, काटक, डोंगरात चढणारी, मिळेल त्या वैरणीवर कोस तोडणारी. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, शिलेदार-बारगीर घरी बसले आणि भीमथडीच्या तट्टाचा आश्रयच गेला. 2023 मध्ये महाराष्ट्राने जे राज्यगीत स्वीकारले, त्यात या तट्टांचा अभिमानाने उल्लेख आहे. शाळाशाळांतून मुले ते गीत गातात. त्यांतल्या किती मुलांनी भीमथडीचे तट्टू पाहिले आहे? किती शिक्षकांनी पाहिले आहे? धनगर बांधवांनी आपल्या भटकंतीत, बिऱ्हाडाचे ओझे वाहण्यासाठी का होईना, हे तट्टू जगवले, म्हणून अलीकडे कुठे स्वतंत्र देशी जात म्हणून त्याची शासकीय नोंद होऊ शकली. ना सरदारांच्या वाड्यांनी ते वाचवले, ना विद्यापीठांनी. ज्यांना आपण मागासलेले म्हणतो, त्या मेंढपाळांच्या पालांनी वाचवले.

अभिमानाची किंमत

करण्यासारखे काही उरलेले नाही, असे मुळीच नाही. हिस्सारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि त्याचे बिकानेर येथील केंद्र या विषयात काम करीत आहेत. 2023 मध्ये बिकानेरला भ्रूण प्रत्यारोपणाच्या तंत्राने मारवाडी शिंगरू जन्माला आले आणि त्याचे नाव 'राज-प्रथमा' ठेवण्यात आले. गोठवलेल्या भ्रूणापासून 'राज-हिमानी' जन्मली. जातीची वंशनोंदवही सुरू झाली आहे. हे सारे स्वागतार्ह आहे. पण नोंदवहीत उंची, रंग आणि कान यांच्याबरोबरीने चालीचा रकाना हवा. वळू निवडताना त्याची रेवाल जाणत्या परीक्षकांनी पाहिलेली हवी. जनुकीय तपासणीची सोय सामान्य अश्वपालाच्या आवाक्यात यायला हवी. सारंगखेडा, पुष्कर, तिलवाडा येथील यात्रांत सर्वांत मोठे बक्षीस नाचाला नव्हे, तर लांब पल्ल्याच्या रेवाल स्वारीला मिळायला हवे. पंचवीस-तीस कोस चालून आलेला, अंगावर ओरखडा नसलेला घोडा पहिला ठरावा. असे झाले तर बाजार आपोआप चालीच्या मागे येईल.

आणि हे सगळे शासनाने करावे, असे म्हणून मोकळे होण्याची सवयही सोडावी लागेल. आइसलंडचा घोडा सरकारी फतव्याने टिकला नाही. तेथील शेतकऱ्याच्या घरातले पोर घोड्यावर बसते म्हणून तो टिकला. आपल्याकडे सुट्टीत मुलाला परदेशी पद्धतीच्या अश्वारोहण शिबिराला पाठवणारे पालक आहेत. त्यांनी त्या शिबिरात देशी घोडा का नाही, असे एकदा विचारून पाहावे. लग्नघरी नवरदेवासाठी घोडी ठरवणाऱ्यांनी तिच्या कानाशी फटाके वाजणार नाहीत आणि तिच्या तोंडात काटा नाही, एवढे तरी पाहावे. शिवजयंतीच्या मिरवणुकीत घोडे नाचवणाऱ्या मंडळांनी वर्षातून एक दिवस त्याच घोड्यांची चालीची स्पर्धा भरवावी. ज्यांच्या शेतावर जागा आहे, अशा दोन-चार कुटुंबांनी मिळून एक चांगली घोडी सांभाळावी. यातले एकही काम अवघड नाही. मात्र त्यात भाषण करून भागत नाही, पहाटे उठून खरारा करावा लागतो.

महाराणा प्रतापांचा चेतक मारवाडी होता की काठियावाडी, यावर दोन्ही प्रांतांचे अभिमानी तावातावाने भांडतात. भांडण गोड आहे, पण पोकळ आहे. 1576 मध्ये हळदीघाटात जखमी धन्याला पाठीवर घेऊन निघालेल्या त्या घोड्याला जातीचा दाखला कोणी विचारला नव्हता. त्याचे पाय धन्याच्या कामी आले, म्हणून चारशे वर्षांनंतरही त्याचे नाव घेतले जाते. चेतकाचे वारस म्हणवणाऱ्या घोड्यांच्या पायांत आज काय उरले आहे, हे तपासण्याची वेळ आली आहे. ते तपासायचे, तर घोडा तसबिरीत पाहून चालणार नाही. त्याला मोकळ्या माळावर न्यावे लागेल, खोगीर कसावे लागेल आणि टापांचे ठोके मोजावे लागतील. ते चार पडतात की दोन, यावर या जातीचे भवितव्य ठरणार आहे.